घरी बनवलेला सायलेन्सर आणि किर्लोस्करवाडीची राइड: लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

नेहमी आपण इथे फोन, ॲप्स आणि चिप्सबद्दल बोलतो. आज थोडं वेगळं. आज वेल्डिंगचा धूर आहे, ग्राइंडरच्या ठिणग्या आहेत आणि बेळगावात सायकली विकता विकता सांगली जिल्ह्यात अख्खं कारखान्याचं गाव वसवणारा एक माणूस आहे. या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, ते वाचता वाचता कळेलच.

सुरुवात घरापासून करतो. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, शनिवार-रविवार गावी जातो. अप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, एक जुनी शंभर सीसीची फोर-स्ट्रोक मोटरसायकल आहे. तिला मागे दोन किटल्या अडकवून ते रोज पहाटे पाचला डेअरीत दूध घालायला जातात.

मागच्या पावसाळ्यात तिचा सायलेन्सर खालून सडला आणि फुटला. गाडी सुरू केली की अख्खी आळी जागी व्हायची. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण शेजारच्या काकूंचं बाळ दोन-तीनदा दचकून उठलं, ते अप्पांच्या कानावर आलं. एका शनिवारी मी पहाटे उठलो तर अप्पा किटल्यांसकट गाडी ढकलत आळीच्या टोकापर्यंत नेत होते आणि तिथे जाऊन किक मारत होते. वय वर्षं एकसष्ट. त्यांनी मला हे कधी सांगितलंही नव्हतं.

त्या मॉडेलचा मूळ सायलेन्सर आता मिळत नाही. बाजारात जे मिळत होतं ते जास्त आवाज करणारं होतं. अप्पांचं म्हणणं, गाडी भंगारात देऊन टाकू. मी म्हटलं, थांबा, मी बनवतो.

## आत नक्की असतं काय?

आधी थोडं सायन्स. फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा जळका वायू बाहेर फेकला जातो. 5000 आरपीएमला मिनिटाला 2500 वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण 42 वेळा. दर वेळी दाबाखालचा गरम वायू अचानक सुटतो. फुगा फुटल्यावर जो आवाज येतो, तसाच हा आवाज. फक्त सेकंदाला 42 फुगे.

सायलेन्सर हा आवाज दोन प्रकारे कमी करतो. पहिला प्रकार शोषणाचा. मधून भोकांचा पाईप जातो, त्याच्याभोवती काचेची लोकर ठासलेली असते आणि ती ध्वनीची ऊर्जा उष्णतेत बदलते. दुसरा प्रकार कप्प्यांचा. आत दोन-तीन खोल्या, मध्ये पत्र्याच्या भिंती, आणि एका खोलीतून दुसरीत जाणाऱ्या छोट्या नळ्या. लाट एका खोलीत शिरते, पसरते, भिंतीवर आपटून परत येते आणि मागून येणाऱ्या लाटेला काही प्रमाणात खोडून काढते. आपल्याकडच्या रोजच्या वापराच्या गाड्यांमध्ये बहुतेक हा दुसरा प्रकार असतो. गॅरेजवाले ज्याला पुंगळी म्हणतात ती याच नळ्यांपैकी एक. ती काढली की गाडी फटाके फोडते आणि मग चौकात पावती फाटते.

आणि सायलेन्सर सडतो का? पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ तयार होते. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालली तर सायलेन्सर पुरेसा तापत नाही. वाफेचं पाणी होऊन आतच तळाला साचतं आणि पत्रा आतून गंजतो. अप्पांची डेअरी दोन किलोमीटरवर. म्हणजे आजार कुठून आला ते स्पष्ट होतं.

## पहिलं व्हर्जन फेल

आत्मविश्वास खूप होता. मी सोपा मार्ग घेतला: सरळ भोकांचा पाईप, भोवती काचेची लोकर, वरून स्टेनलेस स्टीलचा 1.2 मिलिमीटरचा पत्रा. अर्गॉन वेल्डिंग ओळखीच्या वर्कशॉपमध्ये करून घेतलं. दिसायला एकदम भारी. किक मारली आणि शेजारचं बाळ पुन्हा रडलं.

कारण नंतर डोक्यात आलं. लोकर बारीक, चिरका आवाज छान पकडते. पण सेकंदाला 42 वेळा होणाऱ्या धडधडीची तरंगलांबी साध्या हवेतसुद्धा आठ मीटर भरते आणि गरम वायूत त्याहून जास्त. चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या लोकरीला ती लाट दादच देत नाही. मी खिडकी बंद करून भिंत उघडी ठेवली होती.

त्या रविवारी वैतागून मी आजोळी गेलो. आजोळ पलूस तालुक्यात, सांगली जिल्ह्यात. मामाच्या गोठ्याच्या मागे भंगाराचा ढीग आहे, तिथे पत्र्याचा तुकडा शोधताना एक जुना लोखंडी नांगर हाताला लागला. त्याच्या ओतीव भागावर अक्षरं होती, गंजली होती, पण बोटांना लागत होती. किर्लोस्कर. मामा म्हणाले, हा तुझ्या आजोबांच्याही आधीचा, आणि कारखाना इथून हाकेच्या अंतरावर. मी त्या कारखान्यावरून शंभर वेळा गेलोय. पण हा नांगर विकायला तो बनवणाऱ्याला किती झगडावं लागलं, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या रात्री वाचायला बसलो आणि पहाटेपर्यंत वाचत राहिलो.

## रंग दिसत नव्हते म्हणून

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. लक्ष्मणचं मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमेना. त्याला चित्रं काढायची होती आणि यंत्रं उघडून बघायची होती. 1885 मध्ये तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

इथे पहिला फटका बसला. काही वर्षांत लक्षात आलं की त्याला काही रंग ओळखताच येत नाहीत. अंशतः रंगांधळेपणा. चित्रकाराला याहून वाईट बातमी कोणती? पण रेषेला रंग लागत नाही. तो यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळला, त्यात तयार झाला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवायला लागला. आपल्यातल्या अनेकांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या शीट्स कॉपी करून सबमिट केल्या असतील. मी तर केल्याच. या माणसाचं अख्खं आयुष्य त्याच विषयाने सावरलं.

## सायकलचं दुकान

त्या काळात सायकल ही आजच्या इलेक्ट्रिक गाडीसारखी गोष्ट होती. नवी, महाग, आणि सगळे वळून बघणार. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि बेळगावात थोरले भाऊ रामुअण्णा त्या विकायचे, वर चालवायलाही शिकवायचे. 1888 मध्ये सुरू झालेला हा धंदा म्हणजे किर्लोस्कर ब्रदर्स. पुढे ज्या रस्त्यावर दुकान होतं त्याला किर्लोस्कर रोड हेच नाव पडलं, ते आजही आहे.

मला यात एक गोष्ट फार आवडली. सायकल विकणं म्हणजे नुसती वस्तू देणं नव्हतं. गिऱ्हाइकाला ती चालवता आली नाही तर ती घरात धूळ खात पडणार आणि गावभर बदनामी होणार. म्हणून शिकवणं हा विक्रीचाच भाग. आम्ही सॉफ्टवेअरवाले आज याला ऑनबोर्डिंग म्हणतो आणि त्यावर मीटिंगा घेतो.

इकडे मुंबईतल्या नोकरीत दुसरा फटका बसला. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. हाताला काम माहीत होतं, यंत्रं कशी बनतात हे वाचून आणि बघून शिकलेलं होतं. दुकानाला जोडून छोटा कारखाना सुरू झाला. पहिलं यंत्र होतं कडबा कापायचं.

## न विकला जाणारा नांगर

मग आला नांगर. हा समजून घेऊ, कारण यात खरं इंजिनिअरिंग आहे.

लाकडी नांगर माती ओरखडतो. फाळ जमिनीत शिरतो, चर पडते, पण माती उलटत नाही. हरळी आणि कुंदा यांची मुळं खाली तशीच राहतात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वळणदार पत्र असतं. फाळ मातीची लाद खालून कापतो आणि ते वळणदार पत्र ती लाद उचलून उलटी करतं. खालची माती वर, वरचं गवत खाली. तण मरतं, पाणी मुरतं. या वळणाचा आकार चुकला तर माती चिकटते किंवा बैलांना ओढ जास्त लागते. म्हणजे सगळी करामत एका वक्र पृष्ठभागात आहे.

1903 च्या सुमारास किर्लोस्करांचा लोखंडी नांगर बाजारात आला, आणि कुणी घेईना. शेतकऱ्यांची समजूत होती की लोखंडाने जमिनीला विष बाधतं. आपल्याला आज हसू येईल, पण थोडं त्यांच्या बाजूने बघा. हातात एकच जमीन, एकच हंगाम, आणि प्रयोग फसला तर वर्षभर उपाशी. नवी गोष्ट नाकारणं हा त्यांच्यासाठी अडाणीपणा नव्हता, तो विमा होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली म्हणतात.

लक्ष्मणरावांनी यावर लोकांना शहाणपण शिकवत बसण्याऐवजी नांगर चालवून दाखवण्याचा मार्ग धरला. उलटलेली माती डोळ्यांना दिसते, तिला भाषण लागत नाही. एका रानात पीक चांगलं आलं की शेजारच्या बांधावरचा माणूस विचारायला येतो. हळूहळू मागणी वाढली.

हे वाचताना मला माझा चकचकीत सायलेन्सर आठवला. मी तो स्वतःसाठी बनवला होता, फोटोत छान दिसावा म्हणून. ज्याला तो वापरायचा होता त्या अप्पांना आणि ज्याला तो ऐकावा लागणार होता त्या बाळाला मी हिशोबात धरलंच नव्हतं.

## दुसरं आणि तिसरं व्हर्जन

पुढच्या शनिवारी मी जुना सडका सायलेन्सर ग्राइंडरने उभा चिरला. जे आधी करायला हवं होतं ते आता केलं. आत तीन कप्पे होते, दोन भिंती होत्या आणि तीन नळ्या. वायू आधी मागच्या कप्प्यात जातो, तिथून उलटा पुढे येतो आणि मग शेवटच्या नळीतून बाहेर. प्रत्येक नळीचा व्यास, लांबी आणि भिंतीची जागा मोजून वहीत ड्रॉइंग काढलं. फ्री-हँड नाही, स्केलवर. कॉलेजात कॉपी मारलेल्या शीट्सचं कर्ज असं फेडलं.

दुसऱ्या व्हर्जनमध्ये मला शहाणपणा सुचला. आवाज अजून कमी व्हावा म्हणून शेवटची नळी मी बारीक घेतली. आवाज खरंच कमी झाला, पण गाडीचा जीवही गेला. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ओढेना, इंजिन तापलं. जळका वायू पूर्ण बाहेर पडला नाही तर नव्या मिश्रणाला सिलिंडरमध्ये जागा राहत नाही. यालाच बॅक प्रेशर वाढलं म्हणतात. शिवाय गाडी सोडली की फट-फट आवाज. तो जोडातल्या गळतीमुळे होता: इंजिनला बेंड पाईप जिथे बसतो तिथलं गॅस्केट मी जुनंच वापरलं होतं, तिथून बाहेरची हवा आत शिरत होती आणि उरलेलं पेट्रोल पाईपातच पेटत होतं.

तिसऱ्या व्हर्जनला कुठलीच हुशारी केली नाही. मूळ मापं, मूळ बाहेरचा आकार, नवीन गॅस्केट. फक्त पत्रा स्टेनलेसचा आणि पुढच्या कप्प्याच्या तळाला पाणी निथळायला एक बारीक भोक.

आवाज कसा मोजला? फोनवर डेसिबल मोजायचं ॲप असतं. लक्षात ठेवा, फोनचा माइक मोजमापासाठी कॅलिब्रेट केलेला नसतो, त्यामुळे तो आकडा खरा आहे असं कुणाला सांगू नका. पण तुलनेसाठी तो चालतो, जर फोन तोच, जागा तीच, अंतर तेच आणि इंजिनचा वेग तोच ठेवला तर. मी नळीपासून अर्धा मीटर अंतरावर, तिरक्या कोनात फोन ठेवला, वायूच्या झोतात नाही. पहिल्या आणि तिसऱ्या व्हर्जनमध्ये अकरा डेसिबलचा फरक आला. दहा डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा एक दशांश, आणि कानाला साधारण निम्मा आवाज.

## नोटीस, कर्ज आणि निवडुंगाचा माळ

आता पुन्हा लक्ष्मणरावांकडे. नांगर चालू लागले, आणि तेवढ्यात तिसरा फटका. बेळगाव नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी होती. जागा सोडण्याची नोटीस आली. विचार करा, चाळिशीतला माणूस, डोक्यावर कामगारांची जबाबदारी, यंत्रं आणि भट्टी घेऊन जायचं कुठे?

त्या सुमारास त्यांच्याकडे औंधला एक सभामंडप बांधायचं काम होतं. औंध म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यातलं, तेव्हा एका छोट्या संस्थानाची राजधानी. राजे होते बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार आणि कलेचे भोक्ते. त्यांनी लक्ष्मणरावांना संस्थानात हवी तिथे जागा देऊ केली आणि वर दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं.

लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची 32 एकर जागा. हिरवीगार? अजिबात नाही. निवडुंगाचं रान, सापांचा सुळसुळाट, पाण्याची बोंब. पण शेजारून रेल्वे जात होती. कच्चं लोखंड आणि कोक आणायला आणि तयार नांगर पाठवायला रेल्वे हवी. माती सुधारता येते, रूळ आणता येत नाहीत. हा निर्णय मला फार मोठा वाटतो.

10 मार्च 1910 हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस मानतात. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन ते तिथे राहायला गेले. लक्ष्मणरावांच्या डोक्यात नुसता कारखाना नव्हता, गाव होतं. परदेशातल्या कारखान्यांनी कामगारांसाठी वसवलेल्या वसाहतींबद्दल त्यांनी वाचलं होतं, तसं काही आपल्याकडे उभं करायचं होतं.

आणि माणसं कशी निवडली बघा. रामुअण्णांनी वसाहतीचा कारभार बघितला. शंभूराव जांभेकर इंजिनिअर झाले. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सोडलेले, पण तिथे नवी यंत्रं डिझाइन करू लागले. रात्रीच्या पहाऱ्याला तर त्यांनी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. ज्यांना गावात कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्या हातात कारखान्याच्या किल्ल्या. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा नियम केला. साल 1910 च्या आसपासचं आहे, हे विसरू नका.

## तोफांचे नांगर

1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी लोखंड येणं आटलं. एकीकडे बाहेरचा माल बंद झाल्यामुळे देशी यंत्रांना मागणी, दुसरीकडे ओतायला लोखंडच नाही. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या निकामी तोफा ओतकामासाठी दिल्या. तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. मामाच्या गोठ्यामागचा नांगर त्यातला असेल असं मी म्हणणार नाही, पण हात लावताना तसा विचार येतोच.

पुढची प्रगती पटापट सांगतो. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी कंपनीची माहिती देणारं छोटं पत्रक सुरू केलं, किर्लोस्कर खबर. त्याचंच पुढे किर्लोस्कर मासिक झालं, आणि 1930 मध्ये स्त्री हे मासिकही निघालं. यंत्राच्या कारखान्याने मराठी घराघरांत वाचनाची सवय पोहोचवली. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, लेथ, लोखंडी फर्निचर, सगळं वाडीत बनू लागलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून शिकून 1926 मध्ये परतले, आणि त्याच काळात पाण्याचे पंप आणि इंजिनं आली. माळरानावरच्या विहिरींवर मोटेची जागा हळूहळू इंजिनाच्या टुक-टुक आवाजाने घेतली. 1941 मध्ये हरिहरला लेथचा कारखाना, 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिन आणि बंगळूरला विजेच्या मोटारी.

मग 1948. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. ज्या माळावर निवडुंग तोडून गाव वसवलं होतं तिथे आग. तेव्हा लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. कारखाना पुन्हा उभा राहिला, पण आपण आयुष्यभर जे उभं केलं ते जळताना कळणं म्हणजे काय, याची मी कल्पना करू शकत नाही. माझी एकदा हार्ड डिस्क गेली तर मी आठवडाभर कुणाशी बोललो नव्हतो.

26 सप्टेंबर 1956 ला लक्ष्मणराव गेले. तोवर औंध संस्थान भारतात विलीन झालं होतं, वाडी दक्षिण सातारा जिल्ह्यात आली होती. 1960 मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं.

## आणि मग राइड

गाडी पंधरा वर्षांवरची, त्यामुळे पुनर्नोंदणी करायचीच होती. तपासणीला हाच सायलेन्सर लावून नेला आणि गाडी पास झाली. त्यानंतरच लांबच्या रस्त्याला काढली.

एका रविवारी पहाटे निघालो. रहिमतपूर, मग औंध. यमाईच्या डोंगराखाली थांबून चहा घेतला. ज्या राजाने दहा हजार रुपये दिले त्याचं हे गाव. तिथून पुसेसावळी, कडेगाव, देवराष्ट्रे आणि सागरेश्वरच्या डोंगराच्या कडेने कुंडल. चढाला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आरामात ओढत होती. आवाज इतका कमी होता की रस्त्यालगतच्या उसात चालू असलेला पंप ऐकू येत होता. मित्रांनो, मी कॉलेजात फटाका सायलेन्सर लावून फिरलोय. तेव्हा मला फक्त मीच ऐकू यायचो. या राइडमध्ये पहिल्यांदा रस्ता ऐकू आला: पक्षी, पाटाचं पाणी, शाळेच्या पोरांचा आरडाओरडा.

किर्लोस्करवाडी स्टेशनच्या बाहेर गाडी लावली. एके काळचं कुंडल रोड ते हेच. समोर झाडी इतकी दाट की इथे कधी निवडुंगाशिवाय काही नव्हतं हे खरं वाटत नाही. एक मालगाडी धडधडत गेली. रूळ आणता येत नाहीत, हे वाक्य मी मनात पुन्हा म्हटलं आणि मामाकडे जेवायला गेलो.

## तुम्हाला करून बघायचं असेल तर

काही गोष्टी स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि प्रत्येक गाडीला सायलेन्सर असलाच पाहिजे. मूळ सायलेन्सर मिळत असेल तर तोच घ्या, स्वस्तही पडेल. आवाज वाढवण्यासाठी तर काही करूच नका. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करू नका, त्याच्या धुराने ताप भरतो. ग्राइंडर चालवताना चष्मा हवाच. बंद खोलीत इंजिन सुरू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि काहीही बनवायच्या आधी जुनी वस्तू उघडून, मोजून, कागदावर काढा. माझे दोन महिने आणि बराच पत्रा यामुळे वाचला असता.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी मला पुण्याला निघायचं होतं, म्हणून लवकर उठलो. पाच वाजले होते. अप्पांनी किटल्या अडकवल्या आणि सवयीने गाडी ढकलायला हँडल धरलं. मग थांबले. दारातच किक मारली. गाडी सुरू झाली, ते गेले, आणि आळीत कुणाच्याही घरचा दिवा लागला नाही.